समुद्रात हरवलेल्यांची नावं : बोट दुर्घटनांतून वाचलेले आणि मृतांची कुटुंबं आठवण कशी जपतात

लाम्पेदूसा हे इटलीचं एक छोटंसं बेट. नकाशावर पाहिलं तर ते सिसिलीपेक्षा ट्युनिशियाच्या किनाऱ्याला जास्त जवळ आहे. दरवर्षी ३ ऑक्टोबरच्या पहाटे, अंधार असतानाच, इथले काही लोक आणि बाहेरून आलेले काही पाहुणे एका स्मारकापाशी जमतात आणि मृतांची नावं वाचतात. स्वीडन, नॉर्वे, जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांतून आलेले हे पाहुणे पर्यटक नसतात. २०१३ मध्ये याच बेटासमोर बुडालेल्या बोटीतून ते वाचले होते. दिवस उजाडला की मिरवणूक निघते आणि बोटी घेऊन लोक त्या जागी जाऊन समुद्रात फुलं सोडतात.

गेल्या तीस वर्षांत भूमध्य समुद्रात अशा असंख्य बोटी बुडाल्या. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०१४ पासून नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून या एका समुद्रात मरण पावलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या लोकांचा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला आहे. मृतांत सीरिया, अफगाणिस्तान, सोमालिया, ट्युनिशिया, इजिप्त, पाकिस्तान, सेनेगल इथले मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. सरकारं या लोकांची आठवण पुष्पचक्र, भाषण आणि स्मृतिदिनातून ठेवतात. कुटुंबांचं मागणं मात्र त्याआधी सुरू होतं. आमचा माणूस कुठे आहे, तो कोणत्या कबरीत आहे, त्या कबरीवर त्याचं नाव आहे का? या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांच्यासाठी आठवण सुरूच होत नाही.

३ ऑक्टोबर २०१३ ला काय झालं

लिबियाच्या मिस्राता बंदरातून निघालेल्या त्या बोटीत पाचशेहून अधिक माणसं होती. बहुतेक सगळे एरिट्रियाचे. ख्रिश्चनही आणि मुसलमानही. त्यांच्या देशात सक्तीची लष्करी सेवा वर्षानुवर्षं संपत नाही, म्हणून तरुण पोरं-पोरी तिथून पळतात. बेट समोर दिसत असताना बोटीचं इंजिन बंद पडलं. कोणाचं तरी लक्ष जावं म्हणून एक चादर पेटवण्यात आली. आग पसरेल या भीतीने लोक एका बाजूला सरकले आणि बोट उलटली. किनारा एक किलोमीटरसुद्धा लांब नव्हता. ३६८ जण मरण पावले, १५५ वाचले.

सगळ्यात आधी मदतीला पोहोचली ती सरकारी नौका नव्हती. व्हितो फिओरिनो हे बेटावरचे आइस्क्रीम विक्रेते मित्रांसोबत रात्री आपल्या छोट्या बोटीत झोपले होते. पहाटे त्यांना दुरून पक्ष्यांसारखा आवाज आला. जवळ गेले तर पाण्यात माणसं ओरडत होती. डिझेलने माखलेले हात निसटत होते, तरी त्यांनी ४७ जणांना वर ओढून घेतलं. पुढे मृतांची नावं कोरलेलं स्मारक उभं करण्यातही फिओरिनोंचाच पुढाकार होता. त्या ४७ पैकी कित्येक जण आजही त्यांना वडिलांच्या जागी मानतात आणि ३ ऑक्टोबरला आधी त्यांना भेटायला जातात.

सरकारने काय केलं ते पाहू. शवपेट्या विमानतळाच्या हँगरमध्ये ओळीने मांडल्या गेल्या. युरोपचे मोठे नेते येऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांनी मृतांना राष्ट्रीय इतमामाने निरोप दिला जाईल असं सांगितलं. प्रत्यक्षात २१ ऑक्टोबरला सिसिलीतल्या अग्रिजेंतो इथे जो कार्यक्रम झाला, त्यात एकही शवपेटी नव्हती. मृतदेह आधीच सिसिलीतल्या वेगवेगळ्या गावांत, अनेक ठिकाणी फक्त क्रमांक घालून, पुरले गेले होते. बेटावरच्या वाचलेल्यांना त्या कार्यक्रमाला नेलंच नाही. आणि ज्या राजवटीपासून ही माणसं पळाली होती, त्याच एरिट्रियाच्या सरकारचा प्रतिनिधी तिथे हजर होता. त्यावर तिथल्या एरिट्रियन लोकांनी संताप व्यक्त केला. हे कमी होतं म्हणून की काय, वाचलेल्या प्रौढांवर तेव्हाच्या इटालियन कायद्यानुसार बेकायदा प्रवेशाच्या गुन्ह्याची चौकशी सुरू झाली होती. मेलेल्यांना सन्मान आणि जिवंत राहिलेल्यांना चौकशी, असा तो प्रकार होता.

वाचलेले आणि नातेवाईक गप्प बसले नाहीत. एरिट्रियातून आलेले तारेके ब्रहाने यांच्या पुढाकाराने ‘३ ऑक्टोबर समिती’ स्थापन झाली. त्यांच्या पाठपुराव्यातून २०१६ मध्ये इटलीच्या संसदेने कायदा करून ३ ऑक्टोबर हा स्थलांतरात मरण पावलेल्यांचा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. या दिवशी देशभरातून शाळकरी मुलं बेटावर येतात आणि वाचलेले त्यांच्याशी बोलतात. समितीची दुसरी मागणी मात्र अजून पूर्ण झालेली नाही: युरोपात कुठेही सापडलेल्या अनोळखी मृतदेहाची माहिती आणि डीएनए एकाच ठिकाणी असावेत, म्हणजे आईला देशोदेशी फिरावं लागणार नाही.

शर्टाच्या शिवणीत लपवलेली ओळख

विमान कोसळलं तर प्रवाशांची यादी असते. या बोटींची यादी नसते. तिकीट नाही, पासपोर्ट बहुधा दलालाने काढून घेतलेला, कपडे पाण्याने खराब झालेले. मग माणूस ओळखायचा कसा?

मिलान विद्यापीठातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कातानेओ यांनी हे काम मनावर घेतलं. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. एका बाजूला मृतदेहाची पूर्ण नोंद करायची: दात, जुनी हाडमोड, तीळ, गोंदण, खिशातल्या वस्तू, डीएनए. दुसऱ्या बाजूला कुटुंबाकडून जिवंतपणीची माहिती घ्यायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. २०१४ पासून कुटुंबांना बोलावून अशा मुलाखती घेणं सुरू झालं. कोणी भावाचा फेसबुकवरचा हसरा फोटो आणला, कोणी कंगवा, कोणी टूथब्रश. हसरा फोटो यासाठी की त्यात दात दिसतात, आणि दोन माणसांचे दात कधी सारखे नसतात. अडचण अशी की एरिट्रियात राहिलेल्या आई-बापांना पुढे येऊन नमुना देणं धोक्याचं वाटतं, कारण मुलगा देश सोडून पळाला हे त्यातून उघड होतं. म्हणून जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये राहणारा भाऊ, मामा, चुलत बहीण असं कोणीतरी पुढे येतं.

यापेक्षा कितीतरी मोठं काम १८ एप्रिल २०१५ च्या दुर्घटनेनंतर समोर आलं. त्या रात्री लिबियाच्या उत्तरेला एक मच्छीमार बोट बुडाली आणि फक्त २८ जण वाचले. मृतांचा आकडा सुरुवातीला सातशेच्या आसपास धरला गेला. नंतरचे अंदाज हजाराच्या घरात जातात. इटलीने २०१६ मध्ये ही बोट सुमारे ३७० मीटर खोल पाण्यातून वर काढली आणि सिसिलीतल्या ऑगुस्ताजवळ नौदलाच्या धक्क्यावर आणली. अग्निशमन दलाच्या जवानांनी आत उतरून मृतदेह बाहेर काढले. बोटीच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत, अगदी नांगराच्या साखळीच्या खणातही माणसं होती.

कातानेओ यांनी या कामावर पुस्तक लिहिलं आहे. त्यातल्या दोन गोष्टी जगभर पोहोचल्या. मालीहून निघालेला एक साधारण चौदा वर्षांचा मुलगा. त्याच्या जॅकेटच्या आत काहीतरी कडक लागलं म्हणून शिवण उसवली, तर आत शाळेचं प्रगतिपुस्तक होतं, नीट घडी घालून शिवलेलं. आपण हुशार विद्यार्थी आहोत हे तिकडे दाखवता यावं, एवढ्यासाठी ते त्याने जपलं असावं. दुसरी गोष्ट एरिट्रियन तरुणांची. त्यांच्या कपड्यांत प्लास्टिकच्या छोट्या पुड्या सापडल्या. आधी अमली पदार्थ वाटले; पाहिलं तर माती होती. आपल्या गावची.

त्या बोटीचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये स्विस कलाकार क्रिस्टोफ ब्यूखेल याने ती व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कला प्रदर्शनात नेऊन उभी केली. शेजारी कॅफे होता. लोक कॉफी पीत फोटो काढत होते. ज्या सांगाड्यात शेकडो लोक गुदमरून मेले त्याचं असं प्रदर्शन करावं का, यावर मोठा वाद झाला. मला स्वतःला यात कलाकारापेक्षा एक साधी गोष्ट खटकते: त्या माणसांच्या घरच्यांना कोणी विचारलंच नाही. ऑगुस्तातल्या लोकांनी पाठपुरावा केल्यावर २०२१ मध्ये बोट परत आली. तिच्याभोवती स्मृतिवन करावं अशी त्यांची मागणी आहे.

मय्यत नसेल तर काय

आपल्या वाचकांना कुटुंबांची ही तळमळ समजावून सांगायची गरज नाही. घरात कोणाचा इंतकाल झाला की गुस्ल, कफन, नमाज-ए-जनाजा आणि दफन, हे सगळं होईपर्यंत घरच्यांना चैन पडत नाही. हे जिवंतांवरचं कर्ज आहे असं आपण मानतो. शब-ए-बरातला कब्रस्तानात जाऊन वडिलांच्या कबरीपाशी उभं राहणं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कबरच नसणं म्हणजे काय तेही कळतं.

हदीसमध्ये बुडून मरण पावलेल्याला शहीदांमध्ये गणलं आहे. ट्युनिशिया असो वा पाकिस्तान, अशा घरांना लोक पहिल्यांदा हाच दिलासा देतात. मात्र रणांगणावरच्या शहीदाचे नियम इथे लागत नाहीत. मृतदेह मिळाला तर नेहमीप्रमाणे गुस्ल आणि कफन द्यावंच लागतं. मृतदेह मिळालाच नाही तर गायबाना नमाज-ए-जनाजा पढायची की नाही, यावर फिक्हमध्ये मतभेद आहेत. शाफई आणि हंबली मतानुसार ती जायज आहे. हनफी आणि मालिकी मतानुसार नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, तर उर्वरित महाराष्ट्रातले बहुतांश हनफी, त्यामुळे हा फरक आपल्याकडेही माहीत आहे. नमाज झाली नाही तरी दुआ-ए-मगफिरतला कुठल्याच मताची अडचण नाही.

गायबाना नमाजसाठी जो दाखला दिला जातो तो हबशाचा बादशहा नजाशीचा आहे. त्याच्या निधनाची खबर मिळाल्यावर पैगंबरांनी मदिन्यात त्याची नमाज-ए-जनाजा पढवली होती. मक्केत छळ झालेले सहाबा समुद्र ओलांडून याच नजाशीच्या आसऱ्याला गेले होते. त्याचं राज्य आजच्या एरिट्रिया आणि उत्तर इथिओपियाच्या भागात होतं. लाम्पेदूसासमोर बुडालेली पोरं त्याच मातीतली.

बेपत्ता माणसाला फिक्हच्या भाषेत ‘मफकूद’ म्हणतात, आणि हा फक्त भावनेचा प्रश्न नाही. मृत्यू सिद्ध झाला नाही तर बायको विधवा नाही, तिची इद्दत कधीपासून मोजायची ते ठरत नाही, वारसांची वाटणी अडते, बँकेतला पैसा अडकतो, मुलांचे कागद अडतात. भारतात १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर पत्नी न्यायालयात जाऊन निकाह संपवण्याची मागणी करू शकते. ही चार वर्षांची मुदत मालिकी मतातून आली आहे. मृत्यू गृहीत धरण्यासाठी आपल्या पुरावा कायद्यात सात वर्षांची अट आहे. एक मृत्यूचा दाखला मिळाला की हे सगळं एका दिवसात सुटतं. म्हणून ओळख पटवण्याचं काम मृतांइतकंच मागे राहिलेल्यांसाठीही असतं.

कूत्रो : कुटुंबं रस्त्यावर बसली

२६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे दक्षिण इटलीत कूत्रो गावाजवळच्या किनाऱ्यावर तुर्कस्तानातून आलेली लाकडी बोट वाळूच्या उंचवट्यावर आदळून फुटली. किमान ९४ जण गेले, त्यात ३५ अल्पवयीन. मृतांत सर्वाधिक अफगाण होते. पाकिस्तान, इराण, सीरिया इथलेही होते. क्वेट्टाच्या शाहिदा रझा या पाकिस्तानच्या राष्ट्रीय महिला हॉकी संघात खेळलेल्या खेळाडू याच बोटीत होत्या. आजारी लहान मुलाच्या उपचारांची सोय व्हावी म्हणून त्या निघाल्या होत्या.

क्रोतोने शहरातल्या क्रीडागृहात शवपेट्या ठेवल्या गेल्या. मोठ्या तपकिरी, मुलांच्या लहान पांढऱ्या. ज्यांची नावं कळली नव्हती त्यांच्यावर सांकेतिक अक्षरं होती: जिल्ह्याचं लघुरूप, कितवा मृतदेह, स्त्री की पुरुष आणि अंदाजे वय. एका वर्षाच्या आतल्या बाळासाठी शेवटी शून्य लिहिलेलं होतं. गावातल्या लोकांनी त्या पेट्यांवर फुलं आणि खेळणी आणून ठेवली. हळूहळू जर्मनीतून आणि इतर देशांतून नातेवाईक पोहोचले, आणि एकेका पेटीला नाव मिळू लागलं.

मग गृह मंत्रालयाचा आदेश आला: मृतदेह उत्तरेला बोलोन्या शहरातल्या मुस्लिम कब्रस्तानात हलवायचे. सरकारच्या दृष्टीने ही सोय होती, कारण त्या भागात मुस्लिम दफनभूमीला जागा कमी. कुटुंबांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. बऱ्याच जणांना आपलं माणूस मायदेशी न्यायचं होतं, आई-वडिलांच्या हातची माती मिळावी म्हणून. ८ मार्चला नातेवाईक क्रीडागृहासमोर रस्त्यावरच बसले आणि शववाहिका अडवल्या. शेवटी सरकार नमलं. ज्या कुटुंबांची संमती होती त्यांचेच मृतदेह बोलोन्याला गेले. इतर अनेक अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानात पोहोचले. शाहिदा रझा यांचं दफन त्याच महिन्यात क्वेट्टात झालं.

दरवर्षी २६ फेब्रुवारीला पहाटे चारच्या सुमारास त्याच किनाऱ्यावर मेणबत्त्या लावल्या जातात. वाचलेले आणि नातेवाईक येतात. त्यांच्यासाठी हा दिवस शोकाइतकाच जाबाचा असतो: बोट आदल्या रात्रीच युरोपीय विमानाला दिसली होती, मग वाचवायला नौका का निघाली नाही? २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तटरक्षक दल आणि सीमा-कर पोलिसांच्या सहा जणांवर खटला चालवण्याचा आदेश दिला.

झारझिस : ज्या कबरीत आपलीच पोरं निघाली

आतापर्यंतची गोष्ट पलीकडच्या किनाऱ्याची झाली. अलीकडच्या किनाऱ्यावर, ट्युनिशियातल्या झारझिस या मच्छीमारांच्या गावात, लाटा वर्षानुवर्षं मृतदेह आणून टाकतात. हे मृतदेह परक्यांचे, म्हणून गावच्या कब्रस्तानात जागा द्यायला सगळे तयार नव्हते. शम्सुद्दीन मरझूग हे तिथले जुने मच्छीमार. कचरा टाकण्याच्या जुन्या जागेवर त्यांनी स्वतः खड्डे खणून शेकडो अनोळखी लोकांना मूठमाती दिली. ती जागा भरली. मग अल्जीरियाचे कलाकार रशीद कोराइशी यांनी स्वतःच्या पैशाने जमीन घेऊन ‘आफ्रिकेची बाग’ नावाचं कब्रस्तान उभारलं. जून २०२१ मध्ये ते सुरू झालं. पांढऱ्या कबरी, फुलाफळांची झाडं, रंगीत फरशा, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला दुआ करता येईल अशी एक खोली. कबरींवर नाव नाही, पण जे माहीत आहे ते लिहिलं आहे: कोणत्या तारखेला, कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या रंगाच्या कपड्यांत सापडला. ‘स्त्री, काळा पोशाख’ एवढ्यावरून एखादी बहीण उद्या ओळखेल, ही त्यामागची आशा.

पण सुंदर कब्रस्तान म्हणजे सगळं झालं असं नाही, हे झारझिसलाच पुढच्या वर्षी कळलं. २१ सप्टेंबर २०२२ ला गावातलेच १८ जण बोटीने इटलीकडे निघाले आणि बेपत्ता झाले. घरचे दारोदार फिरत होते, गावचे मच्छीमार स्वतःच्या बोटी घेऊन शोधत होते. काही दिवसांनी उघड झालं की त्यांच्यापैकी काहींचे मृतदेह किनाऱ्याला लागले होते, आणि प्रशासनाने डीएनए चाचणी न करता, परके समजून, त्याच बागेत पुरून टाकले होते. घरच्यांनी कपड्यांवरून ओळखलं. कबरी पुन्हा उघडाव्या लागल्या. १८ ऑक्टोबरला सगळं गाव बंद राहिलं, हजारो लोक रस्त्यावर उतरले. ‘अठरापैकी अठरा’ ही त्यांची घोषणा होती, म्हणजे एकही सोडणार नाही. एरवी जे परक्या आफ्रिकन तरुणांच्या वाट्याला येतं, ते या वेळी गावच्या पोरांच्या वाट्याला आलं होतं.

ट्युनिशियातल्या आया तशा २०११ पासून लढत आहेत. क्रांतीनंतरच्या महिन्यांत शेकडो तरुण इटलीकडे निघाले आणि त्यांचा पत्ता लागला नाही. आयांनी दोन्ही सरकारांकडे एक अगदी व्यवहारी मागणी केली: ट्युनिशियाच्या ओळखपत्रावर बोटांचे ठसे असतात, इटलीत उतरलेल्यांचेही ठसे घेतात, मग दोन्ही जुळवून पाहा. या बाया मुलाला ‘मेलेला’ म्हणत नाहीत, ‘मफकूद’ म्हणतात. फोटो छातीशी धरून उभ्या राहतात.

जिथे काहीच हाती लागत नाही

१४ जून २०२३ ला ग्रीसच्या पिलोसजवळ ‘आद्रियाना’ ही मच्छीमार बोट बुडाली. तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसं असल्याचा अंदाज आहे: इजिप्त, सीरिया, पाकिस्तान आणि पॅलेस्टाईनची. १०४ वाचले, सगळे पुरुष. ८२ मृतदेह मिळाले. बाकीचे बोटीसोबत भूमध्य समुद्राच्या सर्वांत खोल भागांपैकी एकात गेले. तिथून काही वर येईल ही आशा नाही. पाकिस्तान सरकारने आपले सुमारे ३५० नागरिक बोटीवर असल्याचं सांगितलं, वाचले १२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या कोटलीत एकेका गावातून कित्येक पोरं गेली. डीएनएचे नमुने दिले गेले, पण जुळवायला मृतदेहच नव्हते.

अशा वेळी वाचलेल्यांवर वेगळंच ओझं येतं. अनोळखी आया फोनवर फोटो पाठवून विचारतात, माझा मुलगा तुमच्या शेजारी होता का? तो काही बोलला का? वाचलेल्यांची आठवण हाच मग कुटुंबांचा एकमेव कागद होतो, आणि न्यायालयातला पुरावाही. पिलोसच्या वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं की तटरक्षक नौकेने दोर लावून ओढल्यामुळे बोट उलटली. तटरक्षक दलाने हे नाकारलं. वाचलेल्यांतल्याच नऊ इजिप्शियन तरुणांना तस्कर ठरवून जवळपास वर्षभर कैदेत ठेवलं गेलं. मे २०२४ मध्ये कलामाताच्या न्यायालयाने, घटना आंतरराष्ट्रीय हद्दीतली असल्याने, खटलाच बाद केला. दरम्यान चाळीस वाचलेल्यांनी नौदल न्यायालयात तक्रार दिली होती. मे २०२५ मध्ये तटरक्षक दलाच्या १७ जणांवर आरोप ठेवण्यात आले.

मृतदेह नसेल तर कुटुंबं तारीख धरून ठेवतात. ६ फेब्रुवारी २०१४ ला मोरोक्कोतून पोहत स्पेनच्या सेउटा शहरात जाऊ पाहणाऱ्यांवर स्पॅनिश पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या होत्या. किमान १४ जण बुडाले. २०२० मध्ये मोरोक्कोतल्या उज्दा शहरात बेपत्तांची कुटुंबं एकत्र आली आणि त्यांनी हा दिवस सगळ्यांचा मानला. आता दरवर्षी या तारखेला सेनेगलपासून जर्मनीपर्यंत अनेक शहरांत फोटो आणि नावांचे फलक घेऊन लोक जमतात.

भूमध्य समुद्राबाहेरचं एक उदाहरण इथे द्यायलाच हवं. १९ ऑक्टोबर २००१ ला इंडोनेशियाहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेली बोट बुडून ३५३ जण गेले, त्यात १४६ मुलं आणि १४२ बायका. बहुतेक इराकी आणि अफगाण. बायका-मुलं इतकी का होती? कारण ऑस्ट्रेलियात आधी पोहोचलेल्या पुरुषांना तात्पुरता आसरा मिळाला होता, पण त्या व्हिसावर कुटुंबाला बोलावता येत नव्हतं. एका इराकी बापाच्या तिन्ही मुली बुडाल्या, पत्नी वाचून जकार्तात होती. तो तिच्याकडे गेला असता तर त्याला परत येऊ दिलं नसतं. कॅनबेरात तलावाकाठी या ३५३ जणांसाठी ३५३ खांब उभे आहेत. मोठ्यांसाठी उंच, मुलांसाठी बुटके. देशभरातल्या शाळांनी आणि मशिदी-चर्चमधल्या मंडळींनी ते रंगवले. मधोमध त्या बोटीच्या मापाची आखणी केली आहे. आत उभं राहिलं की कळतं, जागा किती थोडी होती.

भारतीय घरांतली नावं

हे सगळं दूरचं वाटेल, म्हणून पोर्तोपालोची हकीकत. २५ डिसेंबर १९९६ च्या रात्री सिसिलीच्या टोकाशी भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या तरुणांना मोठ्या जहाजातून एका छोट्या बोटीत उतरवलं गेलं आणि ती बुडाली. किमान २८३ मेले, त्यांत पंजाबमधले सुमारे १७० तरुण. वाचलेल्यांना ग्रीसमध्ये सोडण्यात आलं. त्यांनी तिथे घडलेलं सांगितलं, पण कोणी विश्वास ठेवला नाही. इकडे पोर्तोपालोच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत मृतदेह येत राहिले. चौकशीत बोट अडकून पडेल, धंदा बसेल, या भीतीने ते पुन्हा समुद्रात टाकले जात. पाच वर्षांनी एका मच्छीमाराला जाळ्यात एक ओळखपत्र सापडलं, श्रीलंकेतल्या एका तरुणाचं. त्याने ते पत्रकार जोव्हानी मारिया बेल्लू यांच्यापर्यंत पोहोचवलं. पाण्याखाली कॅमेरा सोडल्यावर बोट आणि सांगाडे दिसले, आणि ‘घडलीच नाही’ म्हणून सोडून दिलेली दुर्घटना २००१ मध्ये खरी ठरली. बोलल्याबद्दल त्या मच्छीमाराला गावाने वाळीत टाकल्यासारखं केलं.

पंजाबात होशियारपूरच्या बलवंतसिंग खेडा यांनी कुटुंबांना एकत्र करून ‘माल्टा बोट दुर्घटना’ चौकशी समिती काढली आणि एजंटांविरुद्ध वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. समुद्राच्या तळाशी असलेली बोट वर काढावी, ही त्यांची मागणी कधी पूर्ण झाली नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ‘दारा’ आठवत असेल. मुंबई, कराची आणि आखाती बंदरं करत बसऱ्यापर्यंत जाणारं हे जहाज. कोकणातले किती तरी लोक याच मार्गाने आखातात गेले. ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ त्यात स्फोट झाला आणि २३८ जण मरण पावले. हे प्रवासी कागदपत्रं घेऊन, तिकीट काढून निघालेले, त्यामुळे वरच्या बोटींशी त्यांची तुलना करता येत नाही. आज त्या जहाजाचे अवशेष आखातातल्या उथळ पाण्यात आहेत, आणि हौशी पाणबुडे मासे पाहायला तिथे उतरतात.

शोध घ्यायचा असेल तर

परदेशात वाटेत कोणी बेपत्ता झालं तर रेडक्रॉसकडे विनामूल्य शोधसेवा आहे. भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडेही अर्ज करता येतो. युरोपच्या वाटेवर हरवलेल्यांसाठी रेडक्रॉसने २०१३ पासून ‘ट्रेस द फेस’ नावाची सोय ठेवली आहे. तिथे हरवलेल्याचा नव्हे, तर शोधणाऱ्या नातेवाइकाचा फोटो लावला जातो, म्हणजे हरवलेल्या माणसाला धोका होत नाही. सोबत पोलिसांत बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवावी, कारण चार किंवा सात वर्षांची मुदत मोजताना न्यायालय तीच मागतं. डीएनएसाठी आई, वडील किंवा मूल यांचा नमुना सगळ्यात उपयोगी. आई-वडील म्हातारे असतील तर उशीर करू नये. दातांचे जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, अंगावरच्या खुणांची नोंद आणि हसताना काढलेला एक स्वच्छ फोटो एका पाकिटात वेगळा ठेवावा. शेवटचा फोन कोणत्या नंबरवरून आला, तो कोणत्या बंदरातून बोलत होता आणि कपडे काय घातले होते, हे आठवतंय तोवर तारीख टाकून लिहून काढावं.